मध्यम वेगाच्या रायफल काडतुसासाठी शिकारीची गोळी कशी निवडावी

ज्या काडतुसाची गोळी नळीतून साधारण २,१०० ते २,७०० फूट प्रतिसेकंद वेगाने बाहेर पडते, त्याला या लेखापुरते मध्यम वेगाचे काडतूस म्हणू. १८९२ सालचे ७x५७ माऊझर, त्यानंतर दोन वर्षांनी आलेले ६.५x५५ स्वीडिश, १८९५ चे .३०-३० विंचेस्टर, .३०३ ब्रिटिश आणि .३०० सॅव्हेज ही त्यांतली नावाजलेली नावे. यांतल्या बहुतेकांनी शंभरी कधीच ओलांडली आहे आणि हरणापासून रानडुकरापर्यंतच्या शिकारीत त्यांची उपयुक्तता अजूनही वादातीत आहे. तरीही त्यांच्यासाठी गोळी निवडताना पुष्कळ जण अडखळतात, कारण गेल्या काही दशकांत गाजावाजा झालेल्या अनेक गोळ्या मॅग्नम, म्हणजे अतिवेगवान काडतुसांची अडचण सोडवण्यासाठी घडवलेल्या आहेत. प्रचंड वेगाने जवळच्या सावजावर आदळलेली गोळी तुकडे होऊन वरवरच विरू नये, ही मॅग्नमवाल्याची चिंता असते. मध्यम वेगाच्या काडतुसात गोळी विरून जाण्याची भीती फारशी नसते. ती सावजाच्या शरीरात वेळेवर फुलेल का, म्हणजे तिचे टोक चपटे होऊन पसरेल का, हीच खरी चिंता असते. म्हणून इथे निवडीची दिशा उलटी ठेवावी. आधी सावज, मग अंतर, मग त्या अंतरावरचा वेग आणि सर्वांत शेवटी गोळीचे नाव.

पुढे वेगाचे आकडे फूट प्रतिसेकंद या मापात, अंतरे यार्डांत आणि गोळीचे वजन ग्रेनमध्ये दिले आहे, कारण काडतुसांचे बहुतेक तक्ते याच मापांत छापले जातात. एक यार्ड म्हणजे सुमारे ०.९१ मीटर, आणि १४० ग्रेन म्हणजे जवळपास ९ ग्रॅम.

सावज, कायदा आणि प्रामाणिक अंतर

पहिले काम परवान्याचे. शिकार कायदेशीर असेल तिथेही गोळीबाबत स्वतंत्र नियम असू शकतात, आणि ते गोळी विकत घेण्याआधी वाचावेत. अनेक ठिकाणी मोठ्या सावजासाठी फुलणारी गोळीच वापरावी लागते. काही ठिकाणी किमान व्यास आणि किमान ऊर्जा ठरलेली असते. जर्मनीच्या शिकार कायद्यात रो जातीच्या लहान हरणासाठी १०० मीटरवर किमान १,००० जूल ऊर्जा लागते, तर लाल हरीण किंवा रानडुकरासारख्या सावजासाठी किमान ६.५ मिमी व्यास आणि १०० मीटरवर २,००० जूल. .३०-३० चे नेहमीचे १७० ग्रेनचे काडतूस १०० यार्डांवर जेमतेम १,८४० जूल देते, म्हणजे मोठ्या सावजाच्या नियमात ते बसत नाही. ७x५७ चे १४० ग्रेनचे काडतूस त्याच अंतरावर सुमारे २,५०० जूल देते आणि सहज बसते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तिथे पुढची निम्मी चर्चा आपोआप मिटते आणि अखंड तांब्याच्या गोळ्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

त्यानंतर स्वतःला विचारायचा प्रश्न अंतराचा. रायफल किती लांब मारू शकते, हा त्याचा मुद्दा नाही. शिकारीच्या वेळी, धाप लागलेली असताना, टेकू मिळेल तसा घेऊन, आपण ज्या अंतरावर दर वेळी गोळी वर्मी लावू शकतो ते सर्वांत लांबचे अंतर धरायचे. मध्यम आकाराच्या हरणात हृदय आणि फुफ्फुसे यांचा भाग साधारण आठ ते दहा इंच व्यासाचा असतो. तेवढ्या आकाराची कागदी थाळी लक्ष्य म्हणून लावावी आणि बसून, गुडघ्यावर टेकून, उभ्याने असे बार टाकावेत. ज्या अंतरावर एकही गोळी थाळीबाहेर जात नाही, ते आपले अंतर. बहुतेकांच्या बाबतीत ते मनातल्या आकड्यापेक्षा बरेच कमी निघते, आणि गोळी निवडण्याच्या दृष्टीने ही चांगलीच बातमी आहे, कारण अंतर घटले की आदळतानाचा वेग वाढतो.

आदळतानाचा वेग

खोक्यावर छापलेला वेग नळीच्या तोंडाशी मोजलेला असतो. सावजाला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. ७x५७ च्या १४० ग्रेनच्या नेहमीच्या टोकदार सॉफ्ट पॉइंट (टोकाला उघडे शिसे असलेल्या) काडतुसाचा तक्ता पाहिला, तर गोळी २,६६० वेगाने निघते, १०० यार्डांवर ती सुमारे २,४३५, २०० वर २,२२०, ३०० वर २,०२० आणि ४०० यार्डांवर १,८२५ च्या आसपास येते. .३०-३० च्या १५० ग्रेनच्या बोथट टोकाच्या गोळीची घसरण याहून तीव्र असते. ती २,३९० ने निघून १०० यार्डांवर १,९७५ आणि २०० यार्डांवर अवघ्या १,६०५ वर येते.

आता हे आकडे गोळीच्या गरजेशी जुळवायचे. प्रत्येक गोळीला फुलण्यासाठी एक किमान वेग लागतो, आणि चांगले उत्पादक तो स्वतःच जाहीर करतात. नेहमीच्या टोकदार सॉफ्ट पॉइंट गोळीसाठी तो साधारण १,८०० असतो, अखंड तांब्याच्या गोळ्यांसाठी रचनेनुसार १,८०० ते २,००० आणि लांब पल्ल्यासाठी मुद्दाम मऊ केलेल्या काही गोळ्यांसाठी १,३०० ते १,६००. मात्र हा आकडा म्हणजे गोळी जेमतेम उघडू लागते तो वेग आहे. त्या वेगाला ती आपल्या व्यासाच्या दुप्पट फुलेल असा अर्थ त्यातून काढू नये. माझ्या मते त्यात किमान २०० ची भर घालूनच हिशेब करावा. म्हणजे १,८०० ची गोळी ७x५७ मध्ये वापरायची तर तिची मर्यादा ३०० यार्डांशी धरावी, तक्त्यात ४०० ला १,८२५ दिसत असले तरी. हाच हिशेब .३०-३० ला लावला, तर २,००० वेग मागणारी तांब्याची गोळी १०० यार्डांच्या आतच अपुरी पडते. म्हणूनच त्या काडतुसासाठी बनवलेल्या खास गोळ्यांचे आवरण पातळ आणि टोक मऊ ठेवलेले असते.

छापील वेगावर आणखी एका कारणाने डोळे झाकून विसंबू नये. तो बहुधा २४ इंची नळीतून मोजलेला असतो. या वर्गातल्या काडतुसांत नळी एक इंचाने आखूड झाली की वेग साधारण २० ते ३० नी घटतो. २० इंची सुटसुटीत रायफलीत शंभरेक फूट असे निघून जातात. शिवाय एकाच नावाचे काडतूस सगळीकडे सारख्या दाबाचे नसते. ७x५७ साठी अमेरिकी मानकातली दाबाची मर्यादा ५१,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, तर युरोपीय मानकात ती ३,९०० बार, म्हणजे सुमारे ५६,५०० पीएसआय. जुन्या रायफलींची काळजी म्हणून अमेरिकी काडतुसे सौम्य ठेवली जातात. तेव्हा क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे यंत्र, उसना मिळाला तरी आपल्या रायफलीतून पाचेक बार मोजून घ्यावेत आणि पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावर करावा.

गोळीची बांधणी

आदळतानाचा वेग कळला की बांधणीची निवड बरीच सोपी होते. बाजारात नावे शेकड्यांनी आहेत, बांधणीचे प्रकार मात्र मोजकेच.

सर्वांत जुना आणि साधा प्रकार म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूच्या आवरणात शिशाचा गाभा आणि टोकाला उघडे शिसे, अर्थात सॉफ्ट पॉइंट. आदळल्यावर टोकाचे शिसे चपटे होते, आवरण मागे सोलले जाते आणि गोळी फुलते. फुलताना ती आपले थोडेफार वजन गमावते. शेवटी ५० ते ७० टक्के वजन उरले तर काम चोख झाले असे समजावे. २,७०० च्या खालच्या वेगात ही गोळी इतके बिनबोभाट काम करते की हरणासारख्या सावजासाठी यापेक्षा महाग गोळी घेण्याचे सबळ कारण मला दिसत नाही. या गोळीची जी बदनामी झाली, ती ३,००० च्या वरच्या वेगात जवळून झाडलेल्या बारांमुळे. मध्यम वेगाच्या काडतुसाने ती आपल्या माथी मारून घेऊ नये.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. .३०८ इंच व्यासाची १५० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट गोळी .३०-३० मध्येही बसते आणि .३०० विंचेस्टर मॅग्नममध्येही, पण या दोन काडतुसांसाठी घडवलेल्या गोळ्यांचे आवरण अगदी वेगळे असते. मॅग्नमसाठीची जाड आवरणाची गोळी .३०-३० च्या २०० यार्डांवरच्या वेगाला न फुलता सुईसारखी आरपार जाण्याचा संभव असतो, आणि .३०-३० ची गोळी मॅग्नमच्या वेगाला पहिल्याच हाडावर विखरून जाईल. व्यास आणि वजन जुळले म्हणजे गोळी जुळली असे होत नाही. ती कोणत्या वेगपट्ट्यासाठी बनवली आहे, हे उत्पादकाच्या माहितीत शोधावेच लागते.

दुसरा प्रकार दुभागलेल्या गोळीचा. जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात मूस या प्रचंड हरणाच्या शिकारीतील अनुभवावरून ही पार्टिशन गोळी घडवली. तिच्या मधोमध आवरणाच्याच धातूची आडवी भिंत असते. पुढचे शिसे मऊ असल्याने कमी वेगातही झटकन फुलते आणि बऱ्याचदा झिजून जाते, तर भिंतीमागचा भाग जसाच्या तसा आत घुसत राहतो. मध्यम वेगाच्या काडतुसाने हरणाहून मोठे, दणकट हाडांचे सावज मारायचे असेल, तर माझी पहिली पसंती याच बांधणीला राहील, कारण तिच्यात फुलणे आणि खोल जाणे यांची जबाबदारी दोन वेगळ्या भागांवर सोपवलेली आहे.

तिसऱ्या प्रकारात शिशाचा गाभा आवरणाला रासायनिक किंवा उष्णतेच्या प्रक्रियेने चिकटवलेला असतो. या बाँडेड गोळ्या ७० ते ९० टक्के वजन टिकवतात. मात्र त्यांतल्या काही अतिशय चिवट असतात आणि २,००० च्या खाली पुरेशा फुलत नाहीत, म्हणून इथे किमान वेगाचा आकडा न पाहता खरेदी करणे धोक्याचे आहे.

अखंड तांब्याच्या गोळीत गाभा नसतोच. टोकाला पोकळी असते. आदळल्यावर तिच्यात ओलावा आणि मांस दाबले जाते आणि टोक चार-सहा पाकळ्यांत उघडते. वजन ९५ टक्क्यांहून अधिक टिकते, आणि शिशाचे बारीक कण मांसात पसरण्याचा प्रश्नही मिटतो. तो प्रश्न किरकोळ मानू नये. क्ष-किरण चित्रांत शिशाचे सूक्ष्म कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत विखुरलेले दिसतात, आणि शिकारीचे अवशेष खाणाऱ्या गिधाडांसारख्या पक्ष्यांना त्यांची विषबाधा होते. पण ही गोळी वेगाची भुकेली असते. मध्यम वेगाच्या काडतुसात ती वापरायची तर नेहमीपेक्षा एक पायरी हलकी घ्यावी. ७x५७ मध्ये १४० ग्रेनच्या शिशाच्या गोळीऐवजी तांब्याची १२० ग्रेनची घेतली, तर ती अधिक वेगाने निघते आणि वजन गमावत नसल्याने खोल जाण्यातही कमी पडत नाही. टोकाला पॉलिमरची (कडक प्लास्टिकची) अणी असलेली रचना साध्या पोकळीपेक्षा कमी वेगाला अधिक भरवशाने उघडते. पोकळीत केस किंवा हाडाचा चुरा अडकून ती बंद राहण्याचा संभव त्यात घटतो.

संपूर्ण आवरणाच्या, न फुलणाऱ्या गोळ्यांविषयी एवढेच सांगतो की त्या हरणासाठी नाहीत. हत्तींचे नामांकित शिकारी वॉल्टर बेल यांनी अशाच लांबट ७ मिमी गोळ्यांनी आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले, हे खरे. पण त्यांना हत्तीच्या मेंदूपर्यंत सरळ पोहोचणारी गोळी हवी होती आणि मेंदू नेमका कुठे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. तीच गोळी हरणाच्या फुफ्फुसांतून गेली तर बारीक भोक पाडून जाते, आणि सावज मैलभर धावून कुठेतरी मरते. १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली .२७५ रिग्बी म्हणजे हेच ७x५७ काडतूस. काडतूस तेच राहिले तरी गोळी बदलली की त्याचे काम पार बदलते, हे यावरून ध्यानात यावे.

वजन

खोल जाण्याची क्षमता ढोबळपणे मोजायची असेल, तर गोळीचे पौंडांतले वजन तिच्या इंचांतल्या व्यासाच्या वर्गाने भागतात. ७ मिमीच्या १४० ग्रेन गोळीसाठी हा आकडा ०.२४८ येतो, १७५ ग्रेनसाठी ०.३१०, आणि ६.५ मिमीच्या १५६ ग्रेनसाठी ०.३२०. स्वीडनमध्ये ६.५x५५ मूससारख्या प्रचंड सावजासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यामागे ही लांबट, जड गोळी आहे. शिशाच्या गोळ्यांसाठी हरणाला ०.२२ ते ०.२५ आणि मोठ्या सावजाला ०.२७ च्या पुढे हा माझा ठोकताळा आहे. अखंड तांब्याला तो लावू नये, कारण हा आकडा फुलण्याआधीच्या गोळीचा असतो आणि फुलल्यावर किती वजन उरणार ते तो सांगत नाही.

जड गोळी हळू निघते, त्यामुळे तिचा मार्ग अधिक वाकडा होतो आणि लांबवर तिचा वेग फुलण्याच्या मर्यादेजवळ लवकर येतो. दाट झाडीत, १५० यार्डांच्या आत बार टाकणाऱ्याला त्याची फिकीर नको. त्याने जड, गोल टोकाची गोळी निःशंक घ्यावी, कारण मोठे उघडे शिसे असलेले ते टोक कमी वेगालाही सहज फुलते. उघड्या माळावर २५० यार्डांपर्यंत जाणाऱ्याला मधल्या वजनाची टोकदार गोळी बरी. सगळ्यात हलक्या गोळ्या, म्हणजे ७ मिमीत १०० ते ११० ग्रेनच्या, बऱ्याचदा लहान उपद्रवी प्राण्यांसाठी असतात आणि मोठ्या सावजात उथळ जखम करून थांबतात.

रायफलीशी जुळणी

कागदावर उत्तम ठरलेली गोळी आपल्या रायफलीत चालेल का, हे आता पाहायचे. सर्वांत आधी व्यास. .३०३ ब्रिटिशची गोळी नावात .३०३ असली तरी सुमारे .३११ ते .३१२ इंचांची असते, तिच्या जागी .३०८ ची गोळी नळीत सैल बसते आणि नेम बिघडतो. ८x५७ मध्ये तर हा प्रश्न जिवावर बेतणारा आहे. जुन्या ‘आय’ नळीसाठी .३१८ इंचाची गोळी लागते, तर नंतरच्या ‘आयएस’ नळीसाठी .३२३ ची. जाड गोळी अरुंद नळीत झाडली तर दाब भयंकर वाढतो. अशी जुनी रायफल हाती आली, तर जाणकार बंदूक कारागिराकडून नळी मोजून घेतल्याखेरीज एकही बार काढू नये.

मॅगझीनचा, म्हणजे काडतुसे साठवणाऱ्या भागाचा, प्रकारही पाहावा. .३०-३० च्या बहुतेक लिव्हर (खालचा दांडा हलवून काडतूस चढवण्याच्या) रायफलींत काडतुसे नळकांड्यात एकामागे एक ओळीने राहतात, म्हणजे प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीवर, टेकलेले असते. अशा रायफलीत कडक, टोकदार गोळी कधीही भरू नये; सपाट टोकाची किंवा खास त्यासाठी बनवलेल्या लवचिक टोकाचीच घ्यावी.

मग आटे, म्हणजे नळीच्या आतले पीळदार चर. नळीतल्या आट्यांनी गोळीला दिलेला फेर तिच्या लांबीला पुरेसा असावा लागतो. इथे वजनापेक्षा लांबी महत्त्वाची. तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब असते आणि तिला अधिक घट्ट आटे लागतात. ग्रीनहिल यांच्या १८७९ च्या सूत्रानुसार, गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या पटीत काढून १५० ला तिने भागले की आट्यांचे अंतर व्यासाच्या पटीत मिळते. ७.२१ मिमी व्यासाची ३३ मिमी लांब गोळी घेतली, तर ती ४.५८ पट लांब. १५० भागिले ४.५८ म्हणजे ३२.८, आणि ते गुणिले ७.२१ म्हणजे सुमारे २३६ मिमीला एक फेरा. हे सूत्र शिशाच्या गाभ्याच्या गोळ्यांसाठी आहे, तांब्याला थोडी सवलत ठेवावी. ७x५७ च्या जुन्या लष्करी नळ्यांत २२० मिमीला एक फेरा असतो, त्यामुळे त्या अशी गोळी बिनधास्त स्थिर करतात. आपल्या नळीचे आटे माहीत नसतील, तर रिकाम्या रायफलीत फिरत्या मुठीच्या सफाईदांड्यावर घट्ट चिंधी गुंडाळून दांडा सरकवावा, आणि त्याला एक पूर्ण फेरा घ्यायला किती अंतर लागते ते मोजावे.

चाचणी

दोन किंवा तीन उमेदवार गोळ्या उरल्या की प्रत्येकीची एक पेटी घ्यावी. शिशाच्या गोळीवरून तांब्याच्या गोळीवर जाताना नळी आधी स्वच्छ करावी, नाहीतर आवरणाच्या जुन्या थरामुळे निकाल फसवा येतो. १०० यार्डांवर पाच-पाच बारांचे गट दोनदा काढावेत. शिकारीसाठी दीड-दोन इंचांचा गट पुरे. अर्ध्या इंचाच्या हट्टापायी चांगली फुलणारी गोळी बाजूला सारण्यात शहाणपण नाही.

फुलण्याची चाचणी घरगुती साधनांनीही होते. जुनी वर्तमानपत्रे रात्रभर पाण्यात भिजवून खोक्यात गच्च बसवावीत, मागे मातीचा भक्कम बांध असावा, आणि बार आपल्या कमाल अंतरावरूनच टाकावा. पंचवीस यार्डांवरून टाकलेला बार वेगाचा प्रश्नच सोडवत नाही, आणि ही चूक सर्रास होते. ओला कागद मांसापेक्षा कडक असतो, म्हणून खोलीचा आकडा फक्त दोन गोळ्यांच्या तुलनेसाठी वापरावा. मापाने काम करणारे लोक यासाठी ४ अंश सेल्सिअसला ठेवलेले दहा टक्के जिलेटिन वापरतात.

कागदातून काढलेली गोळी धुऊन हातात घ्यावी. पुढचा भाग मूळ व्यासाच्या दीड ते दोन पट रुंद झाला असेल आणि मागचा दांडा शाबूत असेल, तर ती आपल्या वेगाला साजेशी आहे. टोक किंचित बोथट होऊन बाकी गोळी कोरीच राहिली असेल, तर ती आपल्या काडतुसासाठी अति कडक आहे, मग तिची कीर्ती काहीही असो. आवरण एकीकडे आणि शिसे दुसरीकडे निघाले, तर जवळचा बारही टाकून पाहावा. जवळून ती अधिकच विखुरत असेल, तर हाड आड येणाऱ्या बारांसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये.

शेवटी सावजातला निकाल. बार फऱ्यामागे बरगड्यांत लागला असेल, तर गोळीचे बाहेर पडण्याचे भोक, त्याचा आकार आणि रक्ताचा माग किती लवकर सुरू झाला, हे पाहून ठेवावे. मध्यम वेगाच्या काडतुसाने सावज जागच्या जागी कोसळेलच असे नाही. फुफ्फुसे फुटलेले हरीणही ५० ते १०० यार्ड धावू शकते, आणि म्हणूनच आरपार जाणारी गोळी माग काढण्याच्या कामी येते. गोळी आत राहिली असेल, तर ती शोधून वजन करावी आणि अंतर, कोन व लागलेले हाड यांच्यासह वहीत नोंदवावी. पसंत पडलेल्या गोळीच्या एकाच लॉट क्रमांकाच्या (एकाच खेपेत बनलेल्या) तीन-चार पेट्या एकदम घेऊन ठेवाव्यात, आणि पुढे वेगळ्या लॉटची पेटी उघडली की शिकारीला निघण्याआधी लक्ष्यावर तीन बार टाकून नेम पुन्हा लावून घ्यावा.